आजीवर बोलायचं आहे, पण मी चर्चला जात नाही

पत्र:

ताई,

माझी आजी तीन आठवड्यांपूर्वी गेली. ९७ वर्षांची होती. येत्या शनिवारी तिच्यासाठी स्मरणसभा आहे आणि नातवंडांच्या वतीने मी पाच मिनिटं बोलावं असं ठरलंय. ठरलंय म्हणजे काकांनी ठरवलं. त्यांनी एक कागदही पाठवलाय. ‘प्रार्थनेत खंबीर, विश्वासात अढळ, सेवेत तत्पर अशी देवाची दासी.’ हे तू वाच, म्हणाले.

अडचण अशी की मी १३ वर्षांपूर्वी चर्चला जाणं सोडलं. भांडून नाही, हळूहळू सुटलं. आता विश्वास आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. आजीला हे माहीत होतं. तिनं कधी वाद घातला नाही. फक्त दर रविवारी सकाळी नऊला फोन करायची. “उठलीस का?” एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. शेवटची दोन वर्षं तिला मी कोण ते कळत नव्हतं, फोनही थांबला. पण बायबलातलं तेविसावं स्तोत्र सुरू करून दिलं की ती शेवटच्या ओळीपर्यंत एकटी म्हणायची.

दुसरी अडचण आत्याची. आत्यानं धर्माबाहेर लग्न केलं म्हणून आजी तिच्याशी १४ वर्षं बोलली नाही. आजोबांच्या दफनाच्या दिवशी आत्या चर्चमध्ये मागे उभी होती. आजीनं मागे वळून पाहिलं, बाकावर थोडी सरकली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं, पण त्या १४ वर्षांबद्दल आमच्या घरात कुणी अवाक्षर काढत नाही. शनिवारी आत्या समोर बसलेली असेल.

आणि तिसरं म्हणजे वह्या. आजीची ट्रंक आवरताना तिच्या प्रार्थनेच्या वह्या सापडल्या. पट्टीनं आखलेले चार रकाने: नाव, विषय, तारीख, आणि शेवटी बरोबरची खूण करायला जागा. दर नव्या वर्षी नवी वही आणि राहिलेली नावं पुन्हा उतरवलेली. माझ्या नावापुढे लिहिलंय, ‘विश्वासात परत यावी.’ ११ वह्यांत ११ वेळा. खूण नाही. आणि ज्या १४ वर्षांत ती आत्याशी बोलत नव्हती, त्या प्रत्येक वहीत पहिलं नाव आत्याचं.

मी तिथं उभी राहून काय बोलू? बोलले तर ढोंग होईल का? नाही बोलले तर आयुष्यभर सलेल.

– एक नात

उत्तर:

प्रिय नात,

आधी काकांचा कागद बाजूला ठेवा. काकांचा राग नको. आई गेल्यावर माणूस असेच शब्द लिहितो. माझ्या सासूबाईंच्या शोकसभेत मीही ‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’ असं तीन मिनिटं बोलले होते. खाली बसताना मलाच वाटलं की हे कुणाच्याही सासूबद्दल चाललं असतं. मग एक अनोळखी बाई उठल्या. म्हणाल्या, “माझा हात मोडला होता त्या वर्षी यांनी माझ्या दोन्ही मुलांच्या वह्यांना कव्हरं घालून दिली होती. एकूण २२ वह्या. लेबलं चिकटवून, नावं घालून.” बोलून त्या बसल्या. घरी परतताना सगळे त्या २२ वह्यांबद्दलच बोलत होते. माझं भाषण मलाही आठवत नाही.

मी ख्रिस्ती नाही. पण माझी एक जुनी मैत्रीण पाळकांची मुलगी आहे आणि बायबल मी वाचलं त्यापेक्षा तिच्या आईच्या तोंडून जास्त ऐकलंय. तुमचं पत्र आल्यावर मी तिला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगं, तिला भाषण कुणी करायला सांगितलंय? साक्ष द्यायला सांग.”

साक्ष हा शब्द तुमच्या कानावरून हजारदा गेला असेल. अमक्या भगिनी आता साक्ष देतील, की मग एखाद्या बाई उठून आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगणार. तुम्हाला वाटतं, माझ्याकडे तशी साक्ष नाही, मग मी कोण बोलणार? पण साक्षीदाराचं काम मुळात काय असतं? जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते सांगायचं. न्याय करायचा नाही, निष्कर्ष काढायचा नाही, जे पाहिलं नाही त्याची भर घालायची नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळ्या असलेल्या एका माणसाला दृष्टी येते. धर्मपुढारी त्याची उलटतपासणी घेतात. तुला बरं करणारा पापी आहे, कबूल कर, असा धोशा लावतात. तो म्हणतो, तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. तुमच्या पत्रावर विचार करताना हा माणूस मला सारखा आठवत राहिला. जेवढं ठाऊक तेवढंच तो बोलतो. आईवडीलसुद्धा घाबरून अंग काढून घेतात, पण हा आपल्या जबानीपासून हलत नाही. देव आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर शनिवारी तुमच्याकडे कुणी मागणार नाही. आजीबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे, एवढाच प्रश्न आहे आणि ते तुमच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बोला. ढोंग होणार नाही. तुम्हाला न पटणारं वाक्य स्वतःच्या नावावर म्हटलंत तर ढोंग होईल. ‘आजी आता प्रभूजवळ आहे’ हे जड जात असेल तर ते काका म्हणतील, पाळक म्हणतील. ‘आपण प्रभूजवळ जाणार याबद्दल आजीला तिळमात्र शंका नव्हती’ हे मात्र तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता, कारण ते तुम्ही पाहिलंय. आणि उलट टोकही सांभाळा. ‘मी स्वतः मानत नाही, तरी’ अशी सुरुवात करू नका. ती तुमची जबानी झाली, आणि सभा आजीची आहे. गाणी सुरू झाली की सगळ्यांबरोबर उभ्या राहा. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं ओठावर आलं तर येऊ द्या, त्यानं कुठल्या करारावर सही होत नाही. उपासनेत प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असेल आणि घ्यावंसं वाटत नसेल, तर शांत बसून राहा. चार माणसं बघतील म्हणून घेऊ नका. मैत्रीण सांगते की चांगल्या पाळकाला अशा न उठणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो.

आता नेमकं काय सांगायचं ते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, ओवी ३६ पासून. यापो गावात टबीथा नावाची बाई होती, तिलाच दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. ती आजारी पडून मेली. लोकांनी तिला धुऊन माडीवरच्या खोलीत ठेवलं आणि जवळच लोद गावी असलेल्या येशूच्या शिष्याला, पेत्राला, बोलावणं धाडलं. तो आला तेव्हा सगळ्या विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या होत्या आणि दुर्कस त्यांच्यात होती तेव्हा तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवत होत्या.

बघा ना. तिच्या सत्कर्मांबद्दल लिहिणाऱ्यानं आधी एक वाक्य टाकलंय, पण त्या बायका ते वाक्य म्हणत नाहीत. त्यांनी कपडे आणलेत. हे माझं बघा, ही शिवण बघा, हे तिनं केलं. कदाचित अंगावरचेच धरून दाखवत असतील. मृत्यूनंतर एखाद्या बाईची आठवण सांगण्याचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. (पुढे पेत्र तिला उठवतो. तो भाग पाळकांवर सोडा. तुमचं काम ३९ व्या ओवीशी संपतं.)

तर तुम्ही कुठला कपडा दाखवणार?

तुमच्या पत्रात मला दोन दिसले. एक म्हणजे रविवारचा नऊचा फोन. दुसरा तेविसाव्या स्तोत्राचा. त्याबद्दल तुम्हाला पुन्हा लिहून विचारलं तेव्हा तुम्ही जे कळवलंत ते पहिल्याच पत्रात का नव्हतं, मला कळत नाही, कारण ते सगळ्यात सुंदर आहे. आजी लग्नापासून रोज एक स्तोत्र मोठ्यानं वाचायची आणि घरातल्या सगळ्यांना तेवढा वेळ बसवायची. ११७ वं स्तोत्र आलं की तुम्ही मुलं खूश, कारण ते दोनच ओव्यांचं. पण ११७ आलं म्हणजे परवा ११९ येणार, १७६ ओव्यांचं, आणि त्या दिवशी सगळ्यांना शाळेला उशीर. तुम्ही वर्गशिक्षिकेला उशिराचं कारण ‘स्तोत्र’ असं लिहून दिलं होतंत आणि त्यांना ते समजलं नव्हतं.

हे वाचून मी एकटीच हसले. मग हिशेब करत बसले. स्तोत्रं १५०. वयाच्या विसाव्या वर्षी लग्न, ९५ व्या वर्षापर्यंत वाचन चालू. ७५ वर्षं. म्हणजे स्तोत्रसंहिता आजीनं साधारण १८० वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि ११९ व्या स्तोत्रानं तेवढ्याच वेळा कुणाला ना कुणाला उशीर केला. ‘विश्वासात अढळ’ यापेक्षा हे जास्त सांगतं की नाही? आणि सभेतले लोक हसतील. हसू द्या. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना आपापल्या घरातलं ११९ वं स्तोत्र आठवेल.

मग तिथूनच शेवटच्या दोन वर्षांकडे या. आठवण जाऊ लागली की बहुधा नवं आधी पुसलं जातं आणि तरुणपणी पाठ झालेलं, त्यातही चालीवर किंवा ठेक्यात म्हटलेलं, उशिरापर्यंत तगून राहतं. तुमचं नाव गेलं आणि तेविसावं राहिलं, यात तुमच्यावरच्या मायेचा हिशेब लावू नका. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण तुमच्या वाक्यात ते मला ऐकू आलं. तुम्ही ३८ वर्षं तिच्या आयुष्यात होतात आणि ते स्तोत्र ९० वर्षं. शिवाय ते सुरू कोण करून देत होतं? तुम्हीच. विश्वास नसलेली नात पलंगाशी बसून पहिली ओळ म्हणते आणि आजी पुढे निघते. एवढंच सांगा, त्यावर भाष्य करू नका.

इथे जरा थांबून त्या ३८ आणि ९७ कडे बघा. तुम्ही जन्मलात तेव्हा आजी ५९ वर्षांची होती. तुम्हाला भेटली तीच मुळी पिकलेली आजी. आधीच्या ५९ वर्षांत एक मुलगी, एक नवी सून, एक तापट आई, कदाचित रात्री रडणारी बाई होऊन गेली, आणि तिला ओळखणारी माणसं एकेक करून गेली. लांब आयुष्याचं हे एक दुःख असतं, आपल्याला लहानपणीच्या नावानं हाक मारणारं कुणी उरत नाही. आजीची धाकटी बहीण, ९० वर्षांची, अजून आहे असं तुम्ही कळवलंत. शनिवारच्या आत तिला गाठा. “आजी कशी होती?” विचारू नका, “फार देवभीरू होती गं” एवढंच मिळेल. बारीक विचारा. तुम्ही दोघी कशावरून भांडायचात? ती कशाला घाबरायची? तिला मार कशाबद्दल बसला होता? पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली तेव्हा अडखळली का? एखादी गोष्ट मिळाली तरी पुरे. सभेत सांगताना मात्र ‘मावशीआजी सांगतात’ असं म्हणा. आपण न पाहिलेलं आपलं म्हणून सांगायचं नाही.

जन्म, शिक्षण, लग्न, मुलं, सेवा, आजार, निधन असा क्रम घेऊ नका. ९७ वर्षं पाच मिनिटांत मावत नाहीत, आणि ती यादी उपासनेच्या पत्रिकेत छापलेली असतेच.

आता आत्या. इथे मला थोडं सावकाश बोलायचंय.

१४ वर्षं पोटच्या मुलीशी न बोलणं ही लहान गोष्ट नाही. श्रद्धेपोटी केलं म्हणून ती लहान होत नाही. तुमच्या मनात ती गाठ आहे हे बरंच आहे, नाहीतर तुम्हीही काकांचा कागद वाचून मोकळ्या झाला असतात. पण त्या १४ वर्षांची मालकी तुमच्याकडे नाही. ती आत्याची आहेत. तेव्हा आधी आत्याला फोन करा. सरळ विचारा: “आत्या, मी शनिवारी बोलणार आहे. बाकावरची गोष्ट सांगू का?” ती हो म्हणाली तर तीन वाक्यांत सांगा. मागे वळून पाहिलं. सरकली. जागेवर हात ठेवला. क्षमा, पश्चात्ताप, समेट असले शब्द तिथं आणू नका. आजीच्या मनात तेव्हा नेमकं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. हात तेवढा तुम्ही पाहिलात.

आत्या नको म्हणाली, तर नको. विषय संपला. पण मग ‘आजीनं कधी कुणाचं मन दुखावलं नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. काका म्हणाले, पाळक म्हणाले, इलाज नाही. तुम्ही म्हणालात तर आत्याला ते कळेल, आणि तिच्याकडे बघून तुम्हालाही कळेल. गप्प राहण्याची मुभा साक्षीदाराला असते. न घडलेलं सांगण्याची नसते.

भक्त माणसाचे दोष सांगितले की त्याची भक्ती कमी होते, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बायबलात तरी ती नाही. अब्राहामाची बायको सारा १२७ वर्षं जगली. मरतानाचं वय नोंदवलेली तिच्यासारखी दुसरी बाई त्या ग्रंथात सापडत नाही. आणि तीच सारा म्हातारपणी मूल होईल या देवाच्या वचनाला हसते, वर ‘मी हसले नाही’ म्हणते, दासी हागारेला लेकरासकट घराबाहेर काढायला लावते. नामी तर गावात परत आल्यावर म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. हीच नामी पुढे नातवाला उराशी धरते. आपल्याकडचं पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड टिळकांचा तापटपणा आणि घरातलं होतं नव्हतं ते देऊन टाकायची सवय अशी काही रंगवलीय की वाचताना टिळकांचा राग येतो, हसूही येतं आणि हा माणूस किती खरा भक्त होता तेही पटतं. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला आणि पुढची कित्येक वर्षं त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, माझ्या विवेकाला पटेल तेच मी मानीन म्हणून. त्याच बाई आयुष्याच्या अखेरीस मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या होत्या. विश्वास असलेली बाई म्हणजे गरीब गाय, असं काकांना वाटत असेल तर वाटू द्या. तुमची आजी तशी नव्हती, हे वह्यांवरूनच दिसतंय.

आणि आता त्या वह्या.

सभेत वही नेऊ नका. नेलीतच तर उघडू नका. मला भीती वाटते ती याची: एखादी हळवी नात वही उंचावते, एक पान वाचते, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला कळतं की त्याचं दारू पिणं, त्याच्या मुलीचं मूल न होणं, त्याची गेलेली नोकरी हे सगळं आजीच्या रकान्यात तारखेसह होतं. लोकांनी ते आजीला कानात सांगितलं होतं. वही असते आणि ती कशी आखलेली असते, हे सांगा. पट्टीनं मारलेल्या रेघा सांगा. नवीन वर्षी राहिलेली नावं पुन्हा उतरवण्याबद्दल सांगा. नावं सांगू नका. समोर बसलेल्या बहुतेकांना आपलं नाव त्यात असणार हे आपोआप समजेल.

तुमचं स्वतःचं नाव? ते सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर मी सांगितलं असतं, पण विषयाचा रकाना वाचला नसता. ‘माझं नाव ११ वर्षं ११ वह्यांत होतं आणि त्याच ११ वर्षांत तिनं मला फोनवर “उठलीस का?” याखेरीज काही विचारलं नाही.’ एवढ्यात तिची सगळी तऱ्हा येते. जे म्हणायचं होतं ते तिनं दुसरीकडे म्हटलं आणि तुम्हाला मोकळं सोडलं. हे सोपं नसतं हो. मला माझ्या मुलाला आठवड्यातून एकदा फोन करून फक्त “उठलास का?” विचारून ठेवून द्यायला सांगा, जमायचं नाही.

आत्याच्या नावाबद्दल मात्र एक सावधगिरी. ‘बघ, ती रोज तुझ्यासाठीच प्रार्थना करत होती’ असं सांगून तुम्ही तिला मोठी भेट देताय, असं तुम्हाला वाटेल. कदाचित ती भेट ठरेलही. कदाचित तिला भयंकर राग येईल. १४ वर्षं देवाला माझं नाव सांगत होती, मग मला एक फोन का नाही केला? हा प्रश्न ती विचारणार आणि उत्तर द्यायला आजी नाही. म्हणून सभेच्या गर्दीत नको, आधीही नको. सभा झाल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, तिच्या घरी जा. वह्या आहेत एवढंच सांगा. बघायच्या का ते तिला ठरवू द्या. बघितल्या आणि रडली किंवा चिडली तर समजूत घालू नका, बसून राहा.

तुम्हाला स्वतःलाही त्या रिकाम्या चौकटीचा त्रास होतोय, ते मला कळतं. ११ वर्षं आपण कुणाच्या तरी न झालेल्या कामांच्या यादीत होतो, असं वाटतं. पण ती यादी दुरून बघा. ज्यांचं काम झालं त्यांच्यापुढे खूण झाली आणि पुढच्या वर्षी ती नावं गळली. ज्यांचं झालं नाही ती नावं आजी दर वर्षी पुन्हा, हातानं, लिहायची. त्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा तिनं लिहिलेली नावं दोन: तुमचं आणि आत्याचं. आत्या पुढे बाकावर आली. तुमच्या रकान्यात आता कुणी काही लिहिणार नाही, आणि कुणी म्हणालं की तू चर्चला यायला लाग म्हणजे आजीची प्रार्थना पुरी होईल, तर त्याला नम्रपणे सांगा की ते आजीनं मला कधी सांगितलं नाही. तुम्हाला पुढे कधी जावंसं वाटलं तर जा. आजीची थकबाकी फेडायला जाऊ नका.

आणखी काही फुटकळ गोष्टी, वेळ कमी आहे म्हणून.

पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोलल्यास साधारण ५०० शब्द. लिहून काढा, मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला. मोबाइलवरून वाचू नका, डोळे भरले की स्क्रीन दिसत नाही आणि बोट लागून पान भलतीकडेच जातं. घरी दोनदा मोठ्यानं वाचा. जिथं घसा दाटतो ती जागा कळेल, तिथं पेन्सिलनं रेघ मारा आणि सभेत तिथं आधीच थांबून श्वास घ्या. एक प्रत भावंडांपैकी कुणाला तरी द्या, तुम्हाला जमलं नाही तर पुढचं ते वाचतील.

काका बहुधा २ तीमथ्य १:५ वाचा म्हणतील. पौल तरुण तीमथ्याला लिहितो की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात. नव्या करारात आजी हा शब्द एकदाच येतो, तो इथं, त्यामुळे आजीच्या सभेत ही ओवी यायचीच. तुम्हाला ती टोचेल, कारण आजी, आई आणि मग नातवंड अशी ती साखळी आहे आणि तुम्ही स्वतःला तुटलेली कडी समजता. ती काकांना वाचू द्या, आईबद्दल तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही दुर्कसची वाचा, आणि आजीच्या स्वतःच्या बायबलातून वाचा. जुनं मराठी जड वाटलं तरी चालेल. तिची बोटं लागून काळवंडलेली पानं कुठली, समासात पेन्सिलीच्या खुणा कुठे, ते आदल्या रात्री निवांत बघा. एखादी खूण अशी सापडेल की मी सुचवलेलं सगळं बाजूला ठेवून तुम्ही तीच निवडाल. तसं झालं तर तेच करा.

काकांना कागद परत देताना नुसतं ‘मी माझं लिहिलंय’ म्हणू नका. त्यांच्यातली एक ओळ घ्या. ‘सेवेत तत्पर’ घ्या, आणि ती सेवा कुठली ते त्यांनाच विचारा. ते आधी सांगतील, “अगं, सगळ्यांसाठी करायची.” तुम्ही म्हणा, “एक सांगा ना काका.” त्यांच्या आईबद्दलची एक गोष्ट त्यांच्याकडे नक्की असणार, आणि ती त्यांना अजून कुणी विचारलेली नसणार.

सभा शनिवारी म्हणजे हातात फार दिवस नाहीत. आत्याला आजच फोन करा. मावशीआजींना फोनवर नीट ऐकू येत नाही असं लिहिलंयत, तर त्यांच्याकडे प्रत्यक्षच जा, सकाळी, त्या ताज्यातवान्या असतात तेव्हा. आणि जाताना ११७ वं स्तोत्र बघून जा. दोनच ओव्या आहेत. त्यांनाही पाठ असेल.